ठप ठप काका आणि टायरखालचा पिट्टू

ऐका हं, कान इकडे करा!

चिंचेखाली एक घरगाडी उभी होती. आत खाट, आत चूल, आत पाण्याची टाकी. मोठ्ठी जड गाडी! मागच्या टायरशेजारी एवढंस्सं बीळ. बिळात राहायची चिंगी उंदरीण आणि तिचा पिट्टू.

चिंगी दाणा आणायला गेली. टुणुक टुणुक परत आली. बघते तर काय? टायरची हवा गेली, फुस्स! टायर पसरला आणि बिळाच्या तोंडावरच बसला.

आतून आवाज आला, "चीं! आई गं!"

"टायरदादा, टायरदादा, वर ऊठ ना! आत माझा पिट्टू आहे."

"कसा उठू? अंगात हवाच नाही. पंप हवा भरेल, तर उठेन."

चिंगी गेली पंपाकडे, टुणुक टुणुक.

"पंपदादा, पंपदादा, हवा भर ना!
टायर वर उठेना,
माझा पिट्टू बाहेर येईना!"

"किती भरू? जास्त झाली तर फट्ट! कमी झाली तर फुस्स! हवा मोजायचा काटा आहे ना, तो हवा मोजेल, तर भरीन."

चिंगी गेली काट्याकडे, टुणुक टुणुक.

"काटेदादा, काटेदादा, हवा मोज ना!
पंप हवा भरेना,
टायर वर उठेना,
माझा पिट्टू बाहेर येईना!"

"मोजून थांबू कुठे? हवा किती, तो आकडा आहे चिठ्ठीवर. चिठ्ठी गाडीच्या दाराच्या आत चिकटवलेली. दार चिठ्ठी दाखवेल, तर मोजीन."

चिंगी गेली दाराकडे, टुणुक... टुणुक...

"दारदादा, दारदादा, चिठ्ठी दाखव ना!
काटा हवा मोजेना,
पंप हवा भरेना,
टायर वर उठेना,
माझा पिट्टू बाहेर येईना!"

"मी तर बंद! सोपानकाका उघडतील, तर दाखवीन."

गाडीवाले सोपानकाका चहा पीत होते. फुर्रर्र! चिंगी गेली काकांकडे. टुणुक... आता पाय उचलेना.

"काका, काका, दार उघडा ना!
दार चिठ्ठी दाखवेना,
काटा हवा मोजेना,
पंप हवा भरेना,
टायर वर उठेना,
माझा पिट्टू बाहेर येईना!"

काका हसले. "चिठ्ठी कोण वाचतं गं? मी लाथेनंच हवा ओळखतो!" आणि टायरला लाथ मारली. ठप ठप! "बघ, ठणठणीत!"

घ्या! टायर पार जमिनीला टेकलाय, आणि म्हणे ठणठणीत!

चिंगी मटकन खाली बसली. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. पंजातला दाणा गळून पडला. ती एकटीच रडत म्हणाली,

"काका दार उघडेनात,
दार चिठ्ठी दाखवेना,
काटा हवा मोजेना,
पंप हवा भरेना,
टायर वर उठेना,
माझा पिट्टू बाहेर येईना!"

काकांनी आणखी एक लाथ मारली. ठप!

खालून आवाज आला, "चीं!"

"अरेच्चा! टायर रडतो?" काकांनी जमिनीला कान लावला.

"आई गं..."

काकांचा चहा सांडला. "अरे देवा! आत बाळ, आणि मी वरून लाथा मारतोय! चुकलं गं माझं, चिंगे."

मग काय!

काकांनी दार उघडलं, खर्रर्र!
दाराने चिठ्ठी दाखवली, पंचावन्न!
काटा हवा मोजू लागला, टिक टिक!
पंप हवा भरू लागला, फस् फस्!
तीस... चाळीस... पंचावन्न! बस्स!
टायर वर उठला, हुश्श!

आणि पिट्टू बाहेर आला! डोक्यावर माती, नाकावर माती. चिंगीने त्याला चाटलं, पुन्हा चाटलं, आणि दाणा भरवला.

दुसऱ्या दिवशी काका टायरपाशी आले. पाय उचलला... आणि हळूच खाली ठेवला. मग वाकून काटा लावला.

पिट्टू आईच्या कुशीत, तुम्ही माझ्या कुशीत, आणि गोष्ट निघाली खुशीत!