कोंडूरच्या राजाची कुलूपबंद गंजिफा

“किल्ली मिळणार नाही! ज्यानं पेटी विकत घेतली त्यानं स्वतः यायचं, पावती दाखवायची, अंगठा उठवायचा. मग किल्ली!” चौकीच्या खिडकीतून भिवा पहारेकरी म्हणाला.

“भिवाकाका, बाबांचा पाय मोडलाय. माझ्या पाठीवर बसून येऊ देत का त्यांना?” येसूने विचारलं.

“येऊ देत की! नियमात पाठीला मनाई नाही!”

येसू दादू कोष्ट्याची लेक. बापाचा पाय मोडल्यापासून घरचा माग तीच चालवत होती. दादू दिवसभर खाटेवर पडून छपराची कौलं न्याहाळत राही. त्याला हौस एकच, गंजिफा खेळायची. लाखेच्या रंगांनी रंगवलेली ती गोल पानं त्याने पाय मोडायच्या आदल्याच दिवशी राजाच्या चितारशाळेतून रोख दाम देऊन घेतली होती. पण पानं पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली गडाखालच्या चौकीत! खेळायचं तर किल्ली मागायची, खेळून झालं की पेटी लावून किल्ली परत!

ही अक्कल दिवाण अंताजीपंतांची. यंदा बाजारात नकली गंजिफा येऊ लागल्या, तेव्हा कोंडूरच्या उदाजीराजांनी चोरांना आळा घालायला हा हुकूम काढला. नकली पानं मात्र पारावर, घाटावर खुशाल पिसली जात होती. त्यांना ना कुलूप, ना किल्ली!

येसू रिकाम्या हाताने घरी आली. बापाचं उतरलेलं तोंड पाहिलं, वरवंटा उचलला आणि एका घावात कुलूप फोडलं!

घावाचा आवाज चौकीपर्यंत पोचला आणि दुसऱ्याच दिवशी तिला दरबारात उभं केलं गेलं.

“पेटी तुझ्या बापाची असेल, पण कुलूप माझं!” महाराज गरजले.

“सरकार, कुलूप चोरासाठी होतं ना? मग अडला तो माझा बाप कसा?”

“अडतो तो चोरच! प्रामाणिक माणसाला माझं कुलूप कधी अडवत नाही.”

“आणि अडवलं तर?”

“तर दाखव!” महाराजांनी मिशीला पीळ दिला. “ज्याच्या प्रामाणिकपणाची अख्खा दरबार ग्वाही देईल, असा एक माणूस या कुलपापाशी अडलेला दाखव. नाही दाखवलास तर तुझा माग जप्त!”

दरबारात हशा पिकला. जो अडेल तो चोर ठरणार, मग अडलेला प्रामाणिक माणूस आणायचा कुठून? माग गेला तर घरची चूल पेटणार कशी? इतक्यात येसूची नजर गडावर लागत असलेल्या दिवाळीच्या आकाशकंदिलांकडे गेली. तिने हात जोडले.

“पाडव्याच्या दुपारपर्यंत मुदत द्या, सरकार.”

“दिली! तेवढीच तुझी दिवाळी गोड होऊ दे!”

आता कोंडूरच्या राजघराण्याची एक रीत होती. पाडव्याला राजाराणीने, दिवाणाला तिसरा भिडू घेऊन, गंजिफांचा एक डाव टाकायचा. तोही सूर्य माथ्यावर येण्याच्या आत. पानं कोरी हवीत आणि विकतची हवीत. फुकटच्या पानांनी वर्ष फुकट जातं, असं राणीसाहेबांचं ठाम मत! डावाखाली अंथरायचं लाल कापड दरवर्षी दादूच्या मागावरून जाई.

पाडव्याला ते कापड घेऊन येसू गडावर हजर झाली. महाराजांनी चिताऱ्याच्या हातावर मोल ठेवलं, पावती घेतली, पेटी पुढे ओढली. बघतात तो काय, कुलूप!

“किल्ली आणा!”

शिपाई गड उतरून धावत गेला आणि धापा टाकत परत आला. “भिवा म्हणतो, ज्यानं विकत घेतली त्यानं स्वतः यायचं!”

मुहूर्त टळत चाललेला. महाराज पेटी काखेत मारून पायऱ्या उतरू लागले. मागे पंत, त्यांच्यामागे राणीसाहेबांची पालखी आणि सारा दरबार, सगळ्यांत शेवटी येसू. पाराजवळ नकली पानं खेळणाऱ्यांनी राजाला पाहून पानं मांडीखाली दडवली. हसू मात्र दडेना!

“किल्ली दे!” घामाघूम महाराज खिडकीशी ओरडले.

“पावती, सरकार?”

“ती... ती वर राहिली! फराळाच्या ताटाखाली! अरे, मला ओळखत नाहीस?”

“ओळखतो की! पण ओळखीवर किल्ली मागेल तो चोराचा साथीदार, असं पंतांनीच बजावलंय. माझ्या आधीचा पहारेकरी त्यातच घरी गेला.”

महाराजांनी पंतांकडे पाहिलं. पंत झाडावरचे पक्षी पाहू लागले.

“फोडा ते कुलूप!” महाराज गरजले.

“थांबा, सरकार!” येसू पुढे झाली. “कुलूप फोडणारा कोष्टी असेल तर तो ज्यावर बसतो तो माग जप्त होतो. तुम्ही कशावर बसता बरं?”

येसू दरबाऱ्यांकडे वळली. “मंडळी, आपले महाराज प्रामाणिक की चोर?”

“प्रामाणिक! प्रामाणिक!” सगळे एका दमात ओरडले.

“मग हा घ्या तुमचा माणूस, सरकार! मोल मोजलेला, प्रामाणिक आणि कुलपापाशी अडलेला. ग्वाही अख्ख्या दरबाराची!”

महाराजांनी डोळे वटारले. मग पालखीतून राणीसाहेबांचं हसू फुटलं, आणि महाराज असे खदखदून हसले की काखेतली पेटी खाली पडली. तरी कुलूप काही उघडलं नाही!

“हरलो, पोरी! पण माझा मुहूर्त?”

“गावात विकत घेतलेली आणि उघडी अशी एकच पेटी आहे, सरकार. आमच्या घरी.”

“पण पानं कोरी हवीत!” राणीसाहेब म्हणाल्या.

“कोरीच आहेत, राणीसाहेब. आधी किल्लीनं खेळू दिलं नाही, मग माग जाईल या धास्तीनं बाबांनी पानांना हात लावला नाही!”

सूर्य माथ्यावर यायच्या आत दादूच्या खाटेभोवती डाव मांडला गेला. महाराज, राणीसाहेब आणि तिसरा भिडू दादू. पंतांना मात्र सवड नव्हती. राज्यातल्या प्रत्येक पेटीचं कुलूप त्यांनी स्वतःच्या हातांनी फोडायचं, असा नवा हुकूम सुटला होता. त्यासाठी येसूने आपला वरवंटा उसना दिला.

“येसू, तुला शिसवी लाकडाचा नवा माग!” पानं पिसता पिसता महाराजांनी जाहीर केलं. तेवढ्यात दादूने त्यांचं हुकमी पान मारलं, आणि महाराज पुन्हा खो खो हसत सुटले!