एकही ठेवणार नाही

"…आणि हे तुम्ही पाळता? मुद्दाम?"

यज्ञेश वालावलकरनं खिडकीतल्या काचेच्या बरणीकडे बोट दाखवलं.

"पाळतंय," भागीकाकी म्हणाल्या.

बरणीत समुद्राचं पाणी होतं. तळाशी एका फुटक्या कपाचा कान पडला होता. त्या कानावर, काचेवर, जिकडेतिकडे बोटाच्या पेराएवढी तपकिरी समुद्रफुलं डोलत होती. नाव फुलाचं, जात प्राण्याची. दिसायला गरीब. पण याच फुलांनी यज्ञेशची झोप उडवली होती.

तो समुद्रजीवशास्त्राचा डॉक्टर. किनाऱ्यावरच्या कॉलेजातलं मत्स्यालय त्याच्या ताब्यात होतं. विमानतळावर पकडलेली चोरटी प्रवाळं सरकारनं तिथं सांभाळायला पाठवली होती. नऊ आली, आठ मेली. उरलं होतं एक, नारळाएवढं, हिरवं, वळ्यावळ्यांचं. त्याच्याभोवती ही फुलं दाटली होती आणि डंख करून करून त्याला कडेनं जाळत आणत होती.

भागीकाकींनी त्याच कॉलेजात चौतीस वर्षं टाक्या धुतल्या होत्या. शिक्षण चौथी. पण मोठमोठे प्राध्यापक पुस्तक उघडण्याआधी काकींना विचारून घेत, आणि लेखात मात्र पुस्तकाचं नाव देत. काकी आता निवृत्त होत्या. यज्ञेश त्यांच्या घरी आला तोही शिपायानं सांगितलं म्हणून, आणि जरा नाइलाजानंच.

"काय काय केलंस?" काकींनी विचारलं.

"ब्लेडनं कापली."

"मगे?"

"तुकड्यातुकड्यातून नवी उगवली. एकाची पाच झाली."

"मगे?"

"सुईनं लिंबाचा रस टोचला. काही मेली. पण रस सांडून प्रवाळाची एक बाजू पांढरी पडली."

"मगे?"

"फुलं खाणारी कोळंबी सोडली. तीन दिवस खाल्ली तिनं. मग मी प्रवाळाला जे घालतो तेच खायला लागली. फुलांकडे बघेना."

"आयता मिळाल्यार शिकार कोण करता?"

यज्ञेशला हे आवडलं नाही. खरं होतं म्हणून अधिकच आवडलं नाही.

काकींनी बरणी उजेडाकडे फिरवली. कपाच्या कानामागून काहीतरी हळूच सरकलं. नखाएवढं, पाठीवर पांढऱ्या झालरी. बिनशंखाची गोगलगाय. ती एका फुलापाशी थांबली, डोकं खाली घातलं आणि शांतपणे जेवायला लागली. फूल डंख मारत होतं. तिला त्याचं काही नव्हतं.

"ही काय काय खाते?"

"ह्याच."

"आणखी?"

"ह्याच."

काकींनी सहा गोगलगायी डबीत घालून दिल्या. एवढ्याशा सहा जणी दोनशे फुलांना काय पुरणार, असं यज्ञेशच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"वाढतली," काकी म्हणाल्या. मग त्यांनी दुसरी एक बरणी काढली, तिच्यात फुलांसकट एक दगड ठेवला आणि त्याच्यापुढे सरकवली. "ही पण ने. बाजूक ठेव."

"फुलं? काकी, माझ्याकडे काय कमी आहेत का? मी ठरवलंय. समूळ. एकही ठेवणार नाही."

काकींनी त्याच्याकडे पाहिलं…

दगडाची बरणी उचलून खिडकीत, पहिलीच्या शेजारी ठेवली.

साडेतीन महिन्यांत टाकी साफ झाली. प्रवाळ फुगून वर आलं, रंगावर आलं. स्थानिक पेपरात फोटो आला, त्यात प्रवाळ थोडं आणि यज्ञेश जास्त होता. काकींकडे त्यानं शिपायाच्या हाती पेढे पाठवले.

पाच आठवड्यांनी तो स्वतः आला.

"परत आली काकी." तो पायरीवरच बसला. "दगडाच्या भेगेत एखादं राहिलं असणार. आता साठेक आहेत. प्रवाळ पुन्हा कडेनं जळायला लागलंय. गोगलगायी द्या."

"तुझ्यो खंय गेल्यो?"

"मेल्या."

"कितक्यो होत्यो?"

"चाळीसच्या वर."

"कशान मेल्यो?"

उत्तर यज्ञेशला ठाऊक होतं. शेवटच्या आठवड्यात त्या स्वच्छ काचेवरून नुसत्या फिरत होत्या, रोज थोड्या लहान होत होत्या. त्यानं ते पाहिलं होतं. वहीत नोंदही केली होती.

"तुझा काम झाला," काकी म्हणाल्या. "तेंचा जेवण संपला."

त्या उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. आता काही त्या बाहेर येत नाहीत, असं त्याला वाटलं. एवढा अपराधी तो बाहेरगावच्या परीक्षकांसमोरही कधी झाला नव्हता.

काकी चहा घेऊन आल्या.

"माझ्याकडे चारच आसत. बारक्यो. वाढूक पंधरा दिस लागतले."

"तोपर्यंत प्रवाळ मरेल."

"मरात कदाचित."

त्यांनी हे इतक्या साधेपणानं म्हटलं की यज्ञेशनं चहाचा कप खाली ठेवला. ते शेवटचं होतं. आठ त्यानं आपल्या हातानं टाकीबाहेर काढली होती, प्रत्येक वेळी नवा उपाय करून.

"मी काय करू?"

"टाकीत हात घालू नको. सुई नको, ब्लेड नको. आणि रोज सकाळी हय ये. ह्येंका जेवूक घाल."

"गोगलगायींना?"

"फुलांक."

पहिल्या दिवशी हात धुताना काकी ओरडल्या, "साबण नको." जीवशास्त्राच्या डॉक्टरला हे सांगावं लागलं, याची लाज दोघांनाही वाटली. मग त्यांनी सुक्या जवळ्याची पूड पाण्यात कालवली आणि ड्रॉपर त्याच्या हातात दिला. एकेका फुलापाशी एकेक थेंब. घाई केली की फूल मिटायचं, मग ते उघडेपर्यंत बसून राहायचं.

पहिले तीन दिवस तो दात ओठ खात थेंब सोडत होता. ज्यांनी प्रवाळ जाळलं त्यांना आपण भरवतो आहोत, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं.

"काकी, हे वैर आहे माझं यांच्याशी."

"असांदे. थेंब जरा बाजूक पडलो."

सहाव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की कपाच्या कानावरचं मोठं फूल त्याची चाहूल लागल्यासारखं आधीच उघडतं. ही शास्त्रीय गोष्ट नव्हती. त्यानं ती वहीत लिहिली नाही. पण रोज पहिला थेंब त्याला देऊ लागला.

अकराव्या दिवशी ते फूल नव्हतं. त्याच्या जागी एक गोगलगाय गोळा होऊन पडली होती, चांगली फुगलेली, झालरी तपकिरी झालेल्या. शेजारी काचेवर अंड्यांची पांढरी, दोऱ्यासारखी गुंडाळी होती.

यज्ञेश ड्रॉपर हातात धरून उभा राहिला. त्याला वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून रागही आला. मग अंडी दिसली, आणि कशाचं काय वाटून घ्यावं हेच कळेना.

"काकी…"

"देखलंय मी."

"हे तुम्ही किती वर्षं करताय?"

"चवदा."

"रोज?"

काकींनी उरलेल्या फुलांकडे नुसती मान हलवली. ती उघडून वाट बघत होती. यज्ञेश खाली बसला आणि त्यानं थेंब सोडायला सुरुवात केली.

सोळाव्या दिवशी सकाळी तो टाकी बघूनच आला. प्रवाळ अर्धं पांढरं, अर्धं अजून हिरवं होतं.

काकींनी चार गोगलगायी डबीत घातल्या, पण डबी हातातच ठेवली.

"पयल्यांदा नेलंस तेव्हा काय म्हटलंस?"

यज्ञेशनं मान खाली घातली. "एकही ठेवणार नाही."

"आता म्हण."

त्यानं तोंड उघडलं. खिडकीत ऊन आलं होतं. कपाच्या कानावर, मोठं फूल होतं त्याच जागी, तिळाएवढं एक नवं फूल हात पसरून उभं होतं.

"एकही…"

काकी थांबून राहिल्या.

"म्हणवत नाही, काकी."

काकींनी डबी त्याच्या एका हातात दिली. खिडकीतली दगडाची बरणी उचलून दुसऱ्या हातात दिली.

"मगे ने आता."