लंगोटांची दोरी

पालिकेच्या 'कमी कार्बन, सुखी सदन' स्पर्धेच्या परीक्षक बाई येणार म्हणून आमच्या सोसायटीचे अध्यक्ष गुळवणीकाका यांनी फर्मान काढलं, "गॅलरीतल्या कपड्यांच्या दोऱ्या काढा. शोभा जाते. वाळवायचं मशीन घ्या! दोरी दिसली त्या घराचं पाणी बंद."

सगळ्यांनी दोऱ्या काढल्या. आमच्याकडे मात्र वहिनीचं महिन्याचं बाळ. लंगोट वाळत घालणार कुठे? आमची दोरी राहिली.

बाई आल्या त्या दिवशी मागच्या इमारतीतून फाटकापर्यंत काका गाडीनंच आले. बाईंनी विचारलं, "घरोघरची वीज वाचवायला काय केलंत?" काका पोस्टर दाखवू लागले, तेवढ्यात वरून त्यांच्या पायाशी एक लंगोट पडला. तो उचलायला मी धावत खाली गेले.

"दोरी आत्ताच्या आत्ता तोड!" काका एवढ्यानं ओरडले की मी दचकून मागे सरले.

"तोडते, काका," मी कशीबशी म्हणाले, "पण मग बाईंना दाखवणार काय? वीज न लागणारं मशीन आपल्याकडे हे एकच उरलंय."

बाईंनी वर पाहिलं, मग काकांकडे. "बाकीच्यांच्या दोऱ्या कुठे आहेत?"

काकांनी वाकून लंगोट उचलला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

"धुवायला टाकल्यात," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत सगळ्या परत लागतील."