ग्लास कोमट होईपर्यंत

"कशी झालीय, बाबा?" ऑल्विनने पुन्हा विचारलं.

इनासबाबांनी एक घोट घेतला होता. ग्लास खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "गार आहे."

गार असणारच. वसईच्या उन्हातून आणायची म्हणून ऑल्विनने बाटली बर्फात गाडून आणली होती. घरी बनवलेली ब्राऊन एल, म्हणजे भाजलेल्या बार्लीची तपकिरी बिअर. इनासबाबा त्याचे वडील नव्हेत, गुरू; त्यांची सारी हयात बिअरच्या कारखान्यात गेलेली, आणि ऑल्विन त्यांच्याच हाताखाली शिकलेला. रविवारी त्याच्या धाकट्या बहिणीचं, ग्लेंडाचं लग्न होतं. पहिला प्याला माझ्याच बिअरचा उचलायचा, असं हा पठ्ठ्या गावभर सांगून मोकळा झाला होता. आता फक्त बाबांनी मान डोलवायची बाकी होती.

मान काही डोलेना.

मग ऑल्विनच बोलत सुटला. रंग कसा साधला, फेस कसा टिकतो, बार्ली किती जपून भाजली... बाबांनी मायेने सगळं ऐकून घेतलं. मग ग्लास उचलून त्याच्याच हातात दिला.

"दोन्ही हातांनी धर."

"किती वेळ?"

बाबांनी त्याची बोटं काचेभोवती नीट दाबून बसवली.

ऑल्विन ग्लास धरून बसला. त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं. बोटांवरून पाणी ओघळत होतं. बाबा वाडीतल्या केळींकडे बघत बसले होते, जणू त्यांना दुसरं कामच नव्हतं.

हळूहळू काच कोमट झाली, तसा भाजलेल्या बार्लीचा खमंग वास वर आला. ऑल्विनचा जीव भांड्यात पडला. पण त्यामागून आणखी एक वास आला. लोण्याचा.

त्याने घोट घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. कुठे चुकलं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. लग्न तोंडावर आलं म्हणून यीस्टचं काम पुरतं व्हायच्या आधीच त्याने बाटल्या भरल्या होत्या. थोडी कळ काढली असती, तर हा वास यीस्टनेच खाऊन टाकला असता.

"तुम्हाला पहिल्याच घोटाला कळलं."

बाबांनी बाटली उचलून सावलीत सरकवली.

"पण बाबा... बर्फातून काढून लगेच दिली, तर पाहुण्यांना कळणार नाही ना?"

"नाही कळणार."

ओरडा बसेल म्हणून ऑल्विन तयारीत होता. एवढं सरळ उत्तर त्याला झेपेना. त्याच्या डोळ्यांपुढे मांडव आला. पाहुणे गटागटा पिऊन जेवायला वळतील. पण नवरीला कुठली सवड? ग्लेंडा बिचारी ग्लास हातात धरून फोटोला उभी राहणार. तिचा ग्लास कोमट होणार. आणि वर, छान झालीय हं दादा, असंही म्हणणार.



"नाही देत," तो कसाबसा म्हणाला. "फसली म्हणून सांगतो सगळ्यांना. मीच सांगतो."

बाबांनी त्याच्या हातातला ग्लास घेतला. उरलेली सगळी बिअर सावकाश, तळापर्यंत प्यायले. उलट्या हाताने मिशा पुसल्या.

"आता चांगली लागली," ते म्हणाले.