हात वर करणारी समिती

साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या पेन्शनचा पैसा कुठं गुंतवायचा, हे ठरवायला एक समिती होती. समिती कसली, हात वर करायचं यंत्रच ते! अध्यक्ष कारखानीससाहेब बोलायला लागले की सभासदांचे डोळे दाराकडे, कारण ठराव झाल्याशिवाय बटाटेवडे आत येत नसत.

एके दिवशी साहेबांनी सगळा पैसा आपल्या मेव्हण्याच्या रिसॉर्टात घालायचा ठराव मांडला. कामगारांची प्रतिनिधी गजराबाई ताडकन उठली. "साहेब, रिसॉर्ट बुडालं तर म्हातारपणी आम्ही काय खायचं?"

"बाई, हे गुंतवणुकीचं शास्त्र आहे. तुम्हाला नाही कळायचं. सगळे सहमत?"

भराभर हात वर गेले. कारकुनानं ठराव मंजूर म्हणून लिहिला आणि वडे आले.

सगळ्यांची तोंडं भरल्यावर गजराबाई म्हणाली, "आणखी एक ठराव. रिसॉर्ट बुडालं तर अध्यक्षांनी आपला बंगला विकून आमची पेन्शन द्यावी. सगळे सहमत?"

सवयीनं सगळे हात वर. मिशीवरची चटणी पुसता पुसता साहेबांचाही.

"मंजूर," कारकून लिहीत म्हणाला.

साहेबांना ठसकाच लागला. "अहो, काय मंजूर? हा ठराव कुणी ऐकलाच नाही!"

"मग पहिला तरी कोणत्या मेल्यानं ऐकला होता?" गजराबाई कडाडली. "न ऐकता केलेला ठराव चालत असेल तर दोन्ही ठेवा. नसेल चालत तर दोन्ही खोडा!"

साहेबांनी घाम पुसत दोन्ही खोडायला लावले. मेव्हण्यावर त्यांचा विश्वास फार होता, पण स्वतःच्या बंगल्याएवढा नव्हता.