पाऊल राहिलं, रस्ता गेला

"तिसऱ्यांदा आपटलो! तिसऱ्यांदा!" कंबर धरून चक्रसेन महाराज दरबारात ओरडले. पायात चाकांचे स्केट, आणि त्यात पाय वाजतोय डब्यातल्या चिंचोक्यासारखा!

वाजणारच की. महाराजांच्या पायाला हात लावायला राज्यात बंदी. आणि महाराजांचं पाऊल लहान आहे, असं म्हणायची कुणाची छाती? प्रधानजींनी अंदाजानं तीन बोटं मोठे स्केट आणून ठेवले.

मग बाजारात स्केट विकणाऱ्या हौसाक्काला बोलावणं गेलं.

"बाई, एकच जोड आण," महाराज म्हणाले. "शहरभर हिंडायला तोच, अन् दरबारात पेले मांडून त्यांच्यामधून नागमोडी पळायलाही तोच. पायाला हात लावायचा नाही, माप विचारायचं नाही. उद्या जोड नीट बसला नाही, तर तुझं दुकान प्रधानजींच्या मेहुण्याला!"

"मेहुणा कालच येऊन फळ्या मोजून गेला," हौसाक्का फणकारली. "तुमचा पाय मोजायचीच तेवढी मनाई!"

तणतणत घरी निघाली, तर चौकात ठेचकाळली. कशाला ठेच लागली म्हणून वाकून बघते तो काय! बाईनं कनवटीची सुतळी काढली.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी जोड चढवला. "अगं, बोटं पुढं टेकतायत!"

"गुडघे वाकवा."

वाकवले. बोटं मोकळी, टाच घट्ट!

"यात वाकूनच पळायचं असतं, महाराज. ताठ बसायला सिंहासन आहे की!"

"हिनं माप घेतलं!" प्रधानजी किंचाळले.

"घेतलं, पण पायाचं नाही, चौकाचं! तुम्ही सिमेंट ओलं असतानाच उद्घाटन उरकलंत. पूजेला महाराज अनवाणी होते. ओल्यात उमटलेलं पाऊल अजून तिथंच आहे, रस्ता तेवढा गेला!"

महाराजांच्या मिशा हलल्या.

"पण हा तर नुसता कसरतीचा जोड!" प्रधानजी हटेनात. "एका रांगेतल्या चाकांपैकी मधली जरा खाली उतरवलेली, चटकन वळायला. शहरात हिंडायचा कुठाय?"

"हाच! खडीत अडकू नयेत म्हणून चाकं जरा मोठी लावलीत, एवढंच. दरबारात पेले चुकवायचे, रस्त्यावर खड्डे. तुमच्या शहरात सरळ जायला जागा ठेवलीय कुठं?"

महाराज इतके हसले, इतके हसले की खांबाला धरून उभे राहिले. पण पडले नाहीत!

"हौसाक्काला भरजरी लुगडं द्या! दुकान तिचंच, पिढ्यान्‌पिढ्या! आणि प्रधानजी, तुमच्या मेहुण्याच्या हाती फावडं द्या. फळ्या मोजून झाल्या, आता खड्डे मोजू दे!"