बोलावून आणलेला बिघाड

एकदा एक शिष्य स्वतःच्या हातांनी बांधलेल्या विमानातून आकाशात गेला आणि घाबराघुबरा होऊन खाली आला.

विमान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येते तसे ते नव्हते. दोन माणसे जेमतेम मावतील एवढेच, माळावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेले. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, परदेशातून मागवलेले इंजिन आणि पत्नीच्या वाट्याचे असंख्य रविवार त्याने त्यात घातले होते. ही विद्या त्याला ज्यांनी शिकवली ते गृहस्थ वृद्ध होते. विमानांची इंजिने दुरुस्त करण्यात आणि ती कशी दुरुस्त करावीत हे शिकवण्यात त्यांनी उभे आयुष्य घालवले होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते बोलत कमी आणि कौतुक तर फारच कमी करत.

त्या दिवशी शिष्य एकटाच उडाला होता. माळ मागे पडला, सागाच्या दाट झाडीने झाकलेल्या टेकड्या खाली आल्या आणि त्याची नजर सहज समोरच्या एका तबकडीवर गेली. पेट्रोल इंजिनाकडे किती दाबाने येत आहे, हे तिच्यातला काटा दाखवतो. तो काटा खाली येत होता. एकदम पडला असता तर तबकडी बिघडली म्हणून मनाची समजूत घालता आली असती; पण तो सावकाश उतरत होता. शिष्याने विजेवर चालणारा राखीव पंप सुरू केला. काटा जरासा वर आला, थबकला आणि पुन्हा उतरू लागला. इंजिन अजून चालत होते, मात्र ते किती वेळ चालेल हे सांगणारे तिथे कोणी नव्हते. उतरायला जागा शोधावी तर जिकडे पाहावे तिकडे झाडीच झाडी. कसेबसे त्याने विमान वळवले. चाके मातीला लागली तेव्हा कुठे, आपण मोठमोठ्याने देवाचे नाव घेत आहोत हे त्याच्या लक्षात आले.

घरी पत्नीने, वैजयंतीने, विचारले तेव्हा वारा जरा जास्त होता एवढेच तो म्हणाला. पुढचा रविवार तिचा होता. विमानातली दुसरी बैठक इतकी वर्षे रिकामी होती आणि तिच्यावर पहिल्यांदा वैजयंती बसणार होती. बहिणीला, शेजारणींना, सगळ्यांना तिने सांगून ठेवले होते. आता तिला खरे सांगावे तर ती पुन्हा कधी विमानात पाऊल टाकणार नाही, ही एक भीती. आणि न सांगता न्यावे तर काय होईल, ही दुसरी. पहिलीने दुसरीवर मात केली. माणसाचे असे होते खरे. जिवाच्या भीतीपेक्षा लाजेची भीती कधी कधी जड भरते.

घाबरलेल्या माणसाचे हात फार चालतात. दुसऱ्याच दिवशी शिष्य शेडमध्ये जाऊन बसला आणि त्याने दिसेल ते बदलायला घेतले. इंजिनावरचा पंप काढून नवा बसवला. पेट्रोलची गाळणी बदलली. काट्याकडे दाबाची खबर नेणारे उपकरण बदलले. आपल्याकडे मूल तापाने फणफणले की डॉक्टरांची गोळी, आजीचा काढा आणि देवाचा अंगारा हे सगळे एकदमच सुरू होते. मग ताप उतरला की श्रेय ज्याचे त्याने घ्यावे. इथेही तसेच झाले. शिष्याने इंजिन सुरू केले आणि काटा हवा तिथे उभा राहिला. त्याने पुन्हा पुन्हा इंजिन चालवून पाहिले. काटा जागचा हलला नाही. शिष्याला रडू यायचेच बाकी राहिले होते.

गुरुजींनी हात लावल्याशिवाय विमानात दुसऱ्या माणसाला बसवायचे नाही, असा त्यांच्या शिष्यांचा दंडक होता. तेवढ्यासाठी त्याने त्यांना शनिवारी सकाळी बोलावून घेतले. वैजयंतीही डबा घेऊन आली होती. ती जरा लांब, शेडच्या दारात बसली. शिष्याने गुरुजींना घडले ते हलक्या आवाजात सांगितले आणि आता सारे ठीक आहे, असे शेवटी जोडले.

गुरुजींनी ऐकून घेतले. कायकाय बदलले, असे विचारले. शिष्याने सांगितले. सगळे एकदम बदलले का, असे त्यांनी विचारले. शिष्य हो म्हणाला.

"मग बरं कशानं झालं?"

पंप असेल, गाळणीही असेल, असे काहीतरी शिष्य पुटपुटला. गुरुजी स्टुलावर बसले आणि त्यांनी जे सांगितले ते ऐकून शिष्याला वाटले, वयाने यांची बुद्धी फिरली.

"जुनं सगळं परत बसव," ते म्हणाले.

चालते आहे त्याला कशाला हात लावायचा, अशी शिष्याने परोपरीने विनवणी केली. हाती आजचा एकच दिवस होता. गुरुजी ऐकेनात. अखेर त्याने पान्हा उचलला. जुना पंप, जुनी गाळणी, जुने उपकरण. स्वतःच्या हाताने आपण आपलाच घात करतो आहोत, असे त्याला प्रत्येक आटा पिळताना वाटत होते. दुपार उलटून गेली. मग त्याने मन घट्ट करून इंजिन सुरू केले आणि काटा पडण्याची वाट पाहू लागला.

काटा पडला नाही. नव्या सामानावर जिथे उभा होता तिथेच, जुन्या सामानावरही, निमूट उभा राहिला.

आता मात्र शिष्याच्या अंगावर सरसरून काटा आला. जे बदलले त्यातले काहीच बिघडलेले नव्हते. म्हणजे त्या टेकड्यांवर ज्याने त्याला गाठले होते ते अजून इथेच होते, याच विमानात, आणि त्याला कोणी हातही लावलेला नव्हता.

गुरुजींनी विचारले, "त्या दिवशी वर जाताना जे होतं आणि इथे नाही, असं काय आहे?"

शिष्य आठवू लागला. वर जाताना टाकी काठोकाठ भरलेली होती आणि झाकण फिरवून घट्ट लावलेले होते. शेडमध्ये इंजिन चालवून पाहताना मात्र कॅनमधून, फडक्याने गाळून थोडे थोडे पेट्रोल ओतायची गुरुजींच्या शिष्यांची पद्धत होती. घडोघडी पट्टी बुडवून ते किती खर्च झाले हे पाहायचे असल्यामुळे टाकीचे झाकण कोणी फिरवून लावत नसे. नुसते तोंडावर ठेवून देत. ही सवय सगळ्यांचीच होती आणि त्यात काही वावगे आहे असे आजवर कोणालाच वाटले नव्हते. गुरुजींनी टाकी काठोकाठ भरायला लावली आणि झाकण स्वतः फिरवून घट्ट केले. विमानाची शेपटी जमिनीतल्या खुंटाला बांधलेलीच होती. शिष्याला आत बसवून ते त्याच्या शेजारी पंखावर उभे राहिले.

इंजिन गर्जू लागले. बराच वेळ काही झाले नाही. मग काटा थरथरला आणि तस्साच, अगदी त्या दिवशीसारखा, सावकाश उतरू लागला. शिष्याचा हात आपोआप इंजिन बंद करायला पुढे गेला. गुरुजींनी त्याचे मनगट धरले. त्या वृद्ध बोटांत एवढे बळ असेल असे त्याला वाटले नव्हते. काटा उतरत राहिला. इंजिनाने एक ठसका दिला, मग दुसरा. विमानाच्या नाकावरचा पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला आणि माळावर विलक्षण शांतता पसरली.

"हात खाली घे," गुरुजी म्हणाले. "आता सांग. तू कुठे आहेस?"

शिष्याने डोळे मिटले. तो टेकड्यांवर होता. खाली साग होता. डोळे उघडून त्याने नकळत शेजारच्या बैठकीकडे पाहिले आणि ती रिकामी आहे हे दिसूनही त्याची भीती गेली नाही, कारण उद्या या वेळी ती रिकामी नसणार होती. इतके दिवस तो स्वतःच्या मरणाला भीत होता. ती भीती किती लहान होती हे त्याला आता कळले.

गुरुजींनी झाकण फिरवले. झाकण सैल होताच टाकीने सुस्कारा टाकावा तशी हवा आत ओढून घेतली. तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आपण एक भोक पाडून थांबत नाही, समोर दुसरेही पाडतो. तेल बाहेर यायचे तर हवा आत जावी लागते. विमानाच्या टाकीलाही असे दुसरे भोक असते. पंखाच्या पोटाखाली बोटाएवढी बारीक नळी, एवढेच ते. शिष्य विमानाखाली शिरून उताणा झाला आणि त्याने वर पाहिले. कुंभारीण माशीने नळीच्या तोंडात चिखलाचे घर बांधून ते लिंपून टाकले होते. सळईने उकरले तेव्हा वाळलेल्या मातीबरोबर एक हिरवी अळीही खाली पडली. जोपर्यंत झाकण नुसते टेकवलेले होते तोपर्यंत टाकीला तिथून हवा मिळत होती. पंप बदलला त्या दिवशीही आणि आजच्या दुपारपर्यंतही.

एवढीशी ती माती तळहातावर घेऊन शिष्य बसून राहिला. तेव्हा गुरुजी बोलले.

"बाबा रे, तुला बिघाड सापडायला हवा होता असं तुला वाटतं, पण तसं नव्हतं. तुला भीती जायला हवी होती. ही दोन कामं वेगळी आहेत. भीती घालवायला काहीही पुरतं. नवा पंप पुरतो, अंगारासुद्धा पुरतो. काटा जागेवर आला, तुझी भीती गेली आणि तिच्याबरोबर तुझा शोधही संपला. न पकडता निघून गेलेला चोर परत यायची वाट हेरून गेलेला असतो. जो बिघाड तुला हवा तेव्हा बोलावता येतो आणि हवा तेव्हा घालवता येतो, तोच सापडला असं समज."

एवढे बोलून ते हात धुवायला गेले. शिष्याने झाकण घट्ट लावून इंजिन चालवले. काटा उभा राहिला आणि उभाच राहिला.

दारात बसलेली वैजयंती एव्हाना जवळ आली होती. इंजिन बंद पडताना तिने पाहिले होते आणि ते मनगट धरणेही पाहिले होते. तिला फार काही सांगावे लागले नाही. तरी शिष्याने सांगितले. टेकड्या, काटा, वाऱ्याचे खोटे कारण, सगळे. आता झाले ना नीट, असे तिने विचारले.

शिष्य हो म्हणणार होता. पण शब्द तोंडाशी आला आणि त्याने तो गिळला. नळातले पाणी घेऊन त्याने पायाखालची माती भिजवली, पंखाखाली शिरला आणि नुकती साफ केलेली नळी स्वतःच्या बोटाने पुन्हा बुजवली. निघायच्या बेतात असलेले गुरुजी ते पाहून पुन्हा स्टुलावर बसले.

"बसतेस?" त्याने वैजयंतीला विचारले. "वर नाही जायचं. इथेच."

ती दुसऱ्या बैठकीवर बसली. इंजिन सुरू झाले आणि दोघेही त्या काट्याकडे पाहत राहिले. तो थरथरला, उतरू लागला. तिने त्याचा हात धरला आणि इंजिन ठसकले तेव्हा नखे रुतेपर्यंत दाबला. मग सारे शांत झाले. शिष्य उतरला, नळीतली माती काढून आला आणि त्याने इंजिन पुन्हा सुरू केले. काटा वर चढला आणि हलला नाही.

इंजिन बंद केल्यावर तिने विचारले, "अजून भीती वाटते?"

"वाटते. म्हणून उद्या आधी मी एकटाच जाऊन येतो, माळावरच घिरट्या घालून. तुझं नंतर बघू."

वैजयंतीने मान डोलावली. "मग येईन मी," ती म्हणाली. "वाटत नाही म्हणाला असतास तर आले नसते."